मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत परत येताना या चुका टाळा

विश्वास डळमळला, शब्बाथ शाळेत (मंडळीच्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवणं सुटलं, हळूहळू उपासनेला येणंही बंद झालं. आता पुन्हा यावंसं वाटतंय. अशा वेळी सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे घाई. पहिल्याच रविवारी माणूस गायनासाठी पेटी घेऊन बसतो, किंवा पाळकसाहेबच आनंदाच्या भरात त्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, पुढे बोलावतात. काही महिन्यांत तो पुन्हा दिसेनासा होतो, कारण ज्या प्रश्नामुळे तो गेला तो तसाच राहिलेला असतो आणि वर लोकांच्या अपेक्षांचं ओझं येतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायातला क्रम नीट वाचा. शिष्य पेत्राने कोळशांच्या विस्तवापाशी प्रभू येशूला तीनदा नाकारलं होतं. तिबिर्या समुद्राच्या काठीही कोळशांचाच विस्तव आहे, पण प्रभू आधी न्याहारी देतो. न्याहारी झाल्यावर 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' असं तीनदा विचारतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवतो. आधी पंगत, मग प्रश्न, मग काम. क्षमा मागताक्षणी मिळते. लोकांचा भरवसा बसायला मात्र दिवस जावे लागतात, आणि जबाबदारी भरवशावर दिली जाते.

म्हणून पहिले तीन महिने फक्त उपासनेत बसा. प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत) कधी भाग घ्यायचा, ते पाळकांशी बोलून ठरवा. पुढचे तीन महिने माइक नसलेली कामं घ्या: सतरंज्या घालणं, गायनाची पुस्तकं वाटणं, दुसऱ्या कुणासोबत आजाऱ्यांना भेटायला जाणं. त्यानंतर एखादा वर्ग, तोही दुसऱ्या शिक्षकाबरोबर. उपदेश आणि पैशांचा हिशेब सर्वांत शेवटी. हे महिने शास्त्रात दिलेले नाहीत, परिस्थिती पाहून वाढवा. पण सहा महिने मागे बसण्यात कमीपणा वाटत असेल, तर इतकं लक्षात घ्या: छळाचा धाक नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी 325 सालच्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेने तीन टप्प्यांत तीन, सात आणि दोन अशी एकूण 12 वर्षांची वाट आखली होती.

दुसरी चूक कबुलीची. कुणी काहीच न बोलता मागच्या बाकावर येऊन बसतो, तर कुणी भर सभेत घरातलं सगळं उघडं करतो आणि बायकामुलांना विनाकारण लाज आणतो. ज्यांना इजा झाली तितक्यांपुढेच कबुली द्या. बाकीचा तपशील पाळक आणि मंडळीच्या वडीलमंडळींपैकी (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी) एकापर्यंत राहू द्या. भेटीआधी एक पान लिहून काढा: काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, कुणाला त्रास झाला, आता काय बदललंय, मंडळीकडे काय मागायचंय. मग त्यातली 'पण'ने सुरू होणारी वाक्यं खोडा. 'कुणाचं मन दुखावलं असेल तर' हेही खोडा. त्या 'तर'मुळे समोरच्याचं दुःखच संशयास्पद ठरतं. 'मी न सांगता वर्ग सोडला, मुलं वाट बघत बसली, मला क्षमा करा' एवढं पुरतं.

काही जण लाजेपोटी शेजारच्या मंडळीत जाऊन, मागचं काहीच न सांगता सेवा सुरू करतात. हे टिकत नाही. लग्नात, दफनविधीला आपली माणसं भेटतातच. मंडळी बदलायला हरकत नाही, पण नव्या पाळकांना आधीच सांगा आणि जुन्या पाळकांशी बोलायची मोकळीक द्या. बायबलमध्ये प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्यासोबत प्रचाराला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून परत गेला, पौलाने पुढच्या प्रवासात त्याला नाकारलं, बर्णबा त्याला कुप्र बेटाला घेऊन गेला. त्याचं मागे फिरणं सर्वांना ठाऊक होतं. तरी पुढे पौलानेच, मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, असं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं.

मनातली प्रत्येक शंका फिटेपर्यंत थांबू नका. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातल्या आजारी मुलाच्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच दमात प्रभूपुढे ठेवला. जे पटत नाही ते शिकवू नका, इतकं पुरे. आजाऱ्याला डबा पोहोचवायला सगळी उत्तरं लागत नाहीत. मात्र झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा फक्त आत्मिक प्रश्न समजू नका. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं. डॉक्टरांकडे जा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आता पाळक आणि वडीलमंडळींसाठी. 'बघू पुढे' हे उत्तर परतणाऱ्याला सर्वांत लवकर तोडतं. पुढच्या भेटीची तारीख आणि सोबत्याचं नाव लिहून द्या. प्रार्थनेचा विषय म्हणून त्याची गोष्ट मंडळीच्या मोबाइलवरच्या गटावर टाकू नका.

पैशांची अफरातफर झाली असेल, तर भरपाई होऊनही तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्याकडे देऊ नका. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तो मंडळीच्या शिस्तीपुरता विषय राहत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या माणसाने कितीही पश्चात्ताप केला तरी मुलांमधलं काम त्याला कायमचं बंद ठेवा, आणि ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.