बुकिंगची लिंक वाटण्याआधी

पेटी, तबला, जर्मन, गणित, काहीही ऑनलाइन शिकवत असाल, तरी वेळ ठरवायचं टूल (ज्याची लिंक उघडून विद्यार्थी स्वतःच वेळ घेतात) शोधण्याआधी मागच्या दोन आठवड्यांची डायरी उघडा. अर्ध्या तासाच्या शिकवण्या किती, एका तासाच्या किती, आयत्या वेळी कितीजणांनी वेळ बदलून मागितली, हे कागदावर उतरवा. हा कागद हाताशी नसला की जाहिरातीतलं सगळंच हवंहवंसं वाटतं. माझ्याकडे दोन प्रकारच्या शिकवण्या निघाल्या आणि कॅलेंडली या टूलची फुकट आवृत्ती तिथेच बाद झाली, कारण तिच्यात एकाच प्रकारची भेट चालू ठेवता येते. साध्या जीमेल खात्यावर गूगल कॅलेंडरमध्येही एक बुकिंग पान मिळतं. घरगुती शिकवणीला ते बऱ्याचदा पुरतं. सहा जणांना तालमीसाठी कधी जमेल हे विचारायचं असेल तर काम वेगळं, तिथे डूडल या साइटवरचं मतदान बरं.

परदेशात विद्यार्थी असतील तर इथे जरा थांबा. माझा न्यू जर्सीतला विद्यार्थी शनिवारी त्याच्या सकाळी १० ला बसायचा, लंडनची विद्यार्थिनी तिच्या दुपारी २ ला. हिवाळाभर आपल्याकडे लंडन साडेसातला, न्यू जर्सी साडेआठला, सगळं सुरळीत. अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे गेली, ब्रिटनची मात्र शेवटच्या रविवारी जाणार होती. पुढच्या शनिवारी साडेसातला दोघंही पडद्यावर हजर! एकाला सा धरायला लावून दुसरीची माफी मागितली. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या आठवड्यातही हाच घोळ होऊ शकतो. म्हणून टूलमध्ये तुमचा टाइम झोन एशिया/कोलकाता (म्हणजे भारतीय वेळ) आहे का ते बघा आणि पान उघडणाऱ्याला त्याच्या गावची वेळ दिसते का तेही तपासा. मार्चमधली एखादी तारीख टाकून बघितली की लगेच कळतं.

टूल तुमचं ऑनलाइन कॅलेंडर वाचतं, भिंतीवरचं कालनिर्णय नाही. मुलांची पालकसभा, दाताच्या डॉक्टरांची वेळ, गणपतीतले दिवस हे सगळं आधी त्या कॅलेंडरमध्ये चढवा. न्यू जर्सीत गौरीजेवणाची सुट्टी नसते, त्यामुळे तो दिवस मोकळा दिसला तर कोणीतरी तो घेणारच. मग दोन शिकवण्यांमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा आणि आयत्या वेळचं बुकिंग बंद करा. मी किमान १२ तास आधीची अट घातली आहे.

फी बुकिंगच्या वेळीच घ्यायची असेल तर टूल यूपीआय घेतं का, हे पहिल्यांदा विचारा. बरीच परदेशी टूल स्ट्राइप किंवा पेपॅल या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवांवर चालतात आणि पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. माझ्या इथल्या विद्यार्थ्यांची फी अजून क्यूआर कोडवरच येते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल एवढंच मागा. जन्मतारीख, पत्ता कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. शाळकरी विद्यार्थ्याचं बुकिंग पालकांनाच करू द्या.

सगळं लावून झालं की लिंक गटावर टाकू नका. घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर ती उघडा, एक वेळ घ्या, ईमेल येते का बघा, मग वेळ रद्द करा आणि ती जागा पुन्हा मोकळी दिसते का ते पाहा. आणि माझ्याकडे शिकणारे ७४ वर्षांचे काका आहेत, ते लिंक उघडणार नाहीत, फोनच करणार. त्यांचा फोन ठेवला की लगेच त्यांची वेळ स्वतः कॅलेंडरमध्ये टाका, चहा नंतर.