दापोली ते रत्नागिरी गाडीने: आधी भरती-सुकती बघा, मग बुकिंग करा

हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी. चार मुक्काम पुरे. गुहागरला दोन रात्री द्या, बाकी ठिकाणी एकेक. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हाही जा, फक्त नाताळचा आठवडा सोडा. शनिवार-रविवार टाळता आले तर खोलीही निवांत मिळते.

‘मुंबई-गोवा महामार्गाने जा आणि मधे मधे समुद्राकडे वळा’ हा सल्ला ऐकू नका. त्यात दर वेळी चाळीसेक किलोमीटर आत जायचे आणि तेवढेच परत यायचे. किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात तर ताशी तीसचाच हिशोब धरा; वळणे, चढ आणि गावातले अरुंद रस्ते त्याहून जास्त वेग देत नाहीत. दिवसाला ऐंशी किलोमीटरच्या वर आखणी करू नका.

आता खरा प्रश्न खाड्यांचा. या वाटेवर दोन मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत: वाशिष्ठीची दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीची तवसाळ-जयगड. पहिली चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. दुसरीला राई-भातगावचा पूल आहे, पण तोही लांबूनच. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचा असतो. गाड्या अडतात त्या धक्क्याच्या उतारावर. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी खाली गेले की बोट धक्क्याच्या तळाशी लागते. उतार लांब आणि तीव्र होतो, शेवटचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि बोटीची फळी उताराला टेकते तिथे कोन तयार होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर नेमका तिथेच घासतो.

भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, की भरतीचा तास मिळतो. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजा. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. सव्वासहा तास पुढे-मागे गेलात की सुकती. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला एवढे चालते.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा फारशी काळजी नको. जपायचे ते पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत. हे उधाणाचे दिवस, आणि नेमकी पहाटे पाच ते सकाळी नऊच्या दरम्यान सुकती. ‘पहिल्या बोटीने निघा’ हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला या दिवसांत सगळ्यात वाईट ठरतो. तृतीयेला आठच्या सुमारास पाणी तळाला असते. नाश्ता करा, साडेदहा-अकराला धक्क्यावर या.

अर्धा तास आधी पोहोचा आणि बोटीचे वेळापत्रक आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकांकडून विचारून घ्या. चालकाखेरीज सगळ्यांना खाली उतरवा, गाडी हलकी होऊन वर उचलली जाते. पहिला गिअर, एकसारखा वेग. फळीवर ब्रेक दाबू नका. खलाशी उलटी चढवा म्हणाला तर वाद न घालता उलटी चढवा, चाके कुठे येतील हे त्याला दिसते. वर गेल्यावर हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, काचा खाली. सुट्टे पैसे हाताशी असू द्या.

एका दिवशी एकच खाडी. दोन्ही एकाच दिवशी ओलांडल्या तर दिवसभर डोळे घड्याळावर राहतात.

हेच गणित हेदवीलाही लागते. तिथली बामणघळ सुकतीला नुसती खडकातली भेग दिसते. भरतीला लाट आत घुसून पाण्याचा उंच फवारा उडतो. तृतीयेला गुहागरहून निघून वेळणेश्वर करा, सव्वादोनला घळीवर आणि मग पाणी फार उतरायच्या आत तवसाळला. ओल्या खडकावर मात्र उभे राहू नका. कोरडा खडक दिसेल तिथेच थांबा.

जेवण आदल्या रात्री किंवा निदान सकाळी सांगून ठेवा, घरगुती खानावळीत ऐनवेळी मासे मिळत नाहीत. पेट्रोल दापोली आणि शृंगारतळीला भरा. गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवू नका. चाके रुतली आणि भरती आली तर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात पाणी गेलेले असते.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेच्या रस्त्याने जा, आणि परतीला हातखंब्यावरून महामार्ग पकडा.