यंत्रमागावर सल्लागार व्हायचंय? आधी थांबलेला माग मोजा

टेक्स्टाइलचा डिप्लोमा झाला की बहुतेक मुलं सूतगिरणी नाहीतर एक्स्पोर्ट हाऊस बघतात. छोटे यंत्रमाग कारखाने तगावेत आणि कामगाराच्या हातात चार पैसे जास्त पडावेत, यासाठीही माणसं लागतात. मी हे काम इचलकरंजीत करतो. या वाटेला येणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

सगळ्यात आधी मजुरी समजून घ्या. इथं विणकराला महिन्याचा पगार नसतो, पिकावर मजुरी असते. पिक म्हणजे बाण्याचा, आडवा धागा. ५२ पिकाचं कापड म्हणजे इंचात असे ५२ धागे, मीटरला साधारण २,०५०. साधा माग मिनिटाला १४० पिक मारत असेल तर मीटरभर कापडाला साडेचौदा मिनिटं लागतात. ताणा म्हणजे उभा धागा तुटलाय, जॉबर (माग दुरुस्त करणारा) दुसऱ्याच मागात अडकलाय आणि माग अर्धा तास उभा आहे, म्हणजे विणकराची दोन मीटरची मजुरी बुडाली.

मालक खर्चीवाला असेल, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणून कापड विणून देणारा, तर त्यालाही पैसे पिकावरच मिळतात. त्याचेही तेच दोन मीटर बुडतात, बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. मजुरीवाढीला हे दोघं एकमेकांसमोर उभे राहतात आणि हलकं सूत देणारा व्यापारी त्या बैठकीत नसतोच!

म्हणून पहिले काही दिवस सल्ला देऊ नका, वही घेऊन खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये बसा. माग कधी थांबला, का थांबला, किती वेळ: ताणा तुटला, कांडी (बाण्याच्या सुताची) संपली, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) आलं नाही, लाईट गेली. दिवाणजींच्या वहीत मीटर सापडतील, ही कारणं सापडणार नाहीत. ती कांडीवाल्याला आणि जॉबरला विचारा. अमुक लॉटचा ताणा सारखा तुटतोय हे कागदावर आलं की सायझिंगवाल्याशी (ताण्याला खळ लावून देणारा) किंवा व्यापाऱ्याशी बोलायला मालकाकडे काहीतरी असतं.

पण घड्याळ घेऊन बसलात की विणकराला वाटतं, आता दर कापणार. त्याचा संशय रास्त आहे. मीटर वाढले तरी दराला हात लावणार नाही, हे मालकानं सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय मी मोजायला बसत नाही. एकानं नाही म्हटलं, ते काम मी घेतलं नाही.

तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत २००८ पासून अर्थतज्ज्ञांनी असाच प्रयोग केला होता. नोंदी, देखभाल, साठ्याची शिस्त यांतून पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी मात्र त्यातल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. मॅनेजर बदलणं हे त्याचं एक कारण. वही मॅनेजरपुरती ठेवू नका, जॉबरलाही लिहायला शिकवा.

ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कारखान्यात १० कामगार झाले की लागू होतो, पीएफ २० झाले की. त्यामुळे एकाच शेडमधले माग भाऊ, बायको, मुलगा यांच्या नावांवर वाटलेले दिसतील. तेवढ्यावरून काम सोडू नका, पण तसल्या कागदावर सहीही करू नका.

सुरुवातीला पैसे बेताचेच मिळतात. जोडीला सायझिंगमधली नोकरी धरलीत तर सुताची नजरही तयार होते. आणि नवीन कारखान्यात दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. बोनसची बोलणी चालू असतात, तुमच्या वहीकडे तेव्हा कोणी सरळ नजरेनं बघत नाही.