टॅपिंग करूनही आठवण तशीच? माजी सैनिकांसोबत या चुका टाळा

टॅपिंग, म्हणजे ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स): त्रासदायक आठवण मनात धरून शरीरावरच्या ठरावीक जागी बोटांनी टकटक करायची. त्याचा क्रम एका कागदावर मावतो. करंगळीकडच्या तळहाताच्या कडेवर टकटक करत ‘मला हा त्रास आहे, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारतो’ अशा धर्तीचं वाक्य तीनदा म्हणायचं. मग भुवईचं आतलं टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटीची खळगी, कॉलरबोनखाली, काखेच्या चार इंच खाली आणि शेवटी टाळू. प्रत्येक ठिकाणी ५ ते ७ वेळा. एखादी जागा राहिली तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाक्यात आणि घाईत.

इराकमधून परतलेल्या सैनिकाकडून ‘मला पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) आहे, तरीही…’ असं म्हणवून घेतलं, तर त्रासाचा आकडा (० ते १०) आठवरून हलतच नाही. कारण त्या एका शब्दात दहा-वीस प्रसंग कोंबलेले असतात. एकच क्षण निवडा. समजा, ताफ्यातल्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला आणि वायरलेस गप्प झाला. मग ‘ती शांतता’ एवढंच धरा. ती शरीरात कुठे जाणवते? छातीत आवळल्यासारखं, ८. प्रत्येक बिंदूवर ‘ती शांतता’ म्हणायचं आणि फेरी संपली की आकडा पुन्हा विचारायचा.

आकडा चारवर येऊन एकदम नऊवर गेला, तर उपाय फसला असं समजू नका. बहुतेक वेळा नवा पदर उघडलेला असतो: शांततेचा त्रास ओसरला आणि ‘मी हाक द्यायला उशीर केला’ हे वर आलं. ते वेगळं लिहून घ्या, त्याच्या फेऱ्या वेगळ्या करा.

याहून धोक्याचा असतो खोटा शून्य. नजर एका जागी खिळते, आवाज सपाट होतो, उत्तर उशिरा येतं: ‘काहीच वाटत नाही.’ हा आराम नसतो, मन बधिर झालेलं असतं. टॅपिंग तिथेच थांबवा. पाय जमिनीवर दाबायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं, आजची तारीख विचारा, गार पाणी द्या. त्या दिवशी पुढे जाऊ नका. खऱ्या शून्याची खूण वेगळी: तोच प्रसंग सावकाश, क्रमाने सांगताना पूर्वी जिथे श्वास अडकायचा, तिथे तो अडकत नाही.

सर्वांत भयंकर प्रसंगाला आधी हात घालू नका. त्याला फक्त नाव द्यायला सांगा, आठवायला नको. ‘आठवलं तर किती त्रास होईल?’ या अंदाजावरच टॅपिंग करा. अंदाज तीनवर आला की मग तपशील.

ज्याचा जोडीदार शेजारी मारला गेला, त्याच्या तोंडून ‘मी स्वतःला मनापासून स्वीकारतो’ हे निघत नाही. जबरदस्ती करू नका. ‘तरी आत्ता मी या खोलीत सुरक्षित आहे’ पुरतं. ‘तुमची चूक नव्हती’ हे आपल्या पदरचं वाक्य घुसवू नका. टॅपिंग त्याचं त्यानेच करायचं. न विचारता अंगाला हात लावायचा नाही, आणि दाराकडे पाठ येईल असं बसवायचं नाही.

दावेही जपून करा. ‘मेरिडियन (शरीरातल्या मानलेल्या ऊर्जेच्या वाटा) मोकळे झाले’ हे सिद्ध झालेलं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतले ५९ माजी सैनिक होते. एकेका तासाच्या सहा बैठकांनंतर बहुतेकांचे गुण पीटीएसडीच्या उंबरठ्याखाली आले. पण तुलना झाली ती टॅपिंगसाठी थांबलेल्या गटाशी, दुसऱ्या मानसोपचाराशी नाही. अमेरिकी माजी सैनिक खातं आणि संरक्षण खातं यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत पहिली पसंती प्रोलाँग्ड एक्स्पोजर (आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं), सीपीटी (प्रसंगाबद्दलचे अडकलेले विचार तपासणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणं) या मानसोपचारांना आहे. म्हणून टॅपिंग जोडीला ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणं ही चूक फार महागात पडते.

जीव देण्याचे विचार बोलण्यात आले, तर टॅपिंग बाजूला. माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच फोन करा. अमेरिकेत ९८८ लावून १ दाबायचं. भारतात टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसीत) सुरू झाला.