निम्फ म्हणजे अप्सरा की झुरळाचं पिल्लू? या चुका टाळा

मुलीच्या ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकात निम्फ असते, पेस्ट कंट्रोलवाला ‘अजून निम्फ दिसतायत’ म्हणतो तिथेही निम्फच असते, आणि मग ट्रान्सलेशन अॅपने दिलेलं ‘अप्सरा’ दोन्हीकडे चिकटवलं की ढेकणाची अप्सरा तयार होते. हसू येतं ते ठीक आहे, पण या गोंधळात कधी औषध चुकीचं मारलं जातं तर कधी प्रोजेक्टचे मार्क जातात.

आधी किड्यांचं बघू, कारण पैसे तिथेच जातात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कुठल्याही किड्याच्या पिल्लाला निम्फ म्हणणं. साधी टेस्ट आहे, मोठं होण्याआधी तो किडा कोषात जातो का? फुलपाखरू, डास, माशी, भुंगे कोषातून जातात, त्यांच्या पिल्लाला अळी म्हणजे लार्वा म्हणायचं. झुरळ, ढेकूण, नाकतोडा, तुडतुडे, मावा, चतुर यांना कोष नसतो. अंड्यातून बाहेर येतानाच पिल्लू बरंचसं आईबापांसारखं दिसतं (चतुराचं मात्र बरंच वेगळं), फक्त छोटं आणि बिनपंखाचं, आणि कात टाकत टाकत मोठं होतं. हे निम्फ. शेतीच्या माहितीपत्रकांत सरळ ‘पिल्ले व प्रौढ’ लिहितात ना, त्यातली पिल्ले म्हणजे हेच, आणि मला विचाराल तर मराठीत एवढा शब्द पुरे आहे, उगाच अप्सरा आणायची गरज नाही.

फरक कळून काय फायदा? डासाची अळी पाण्यात आणि डास हवेत, म्हणून दोघांवर उपाय वेगळे. झुरळाचं पिल्लू मात्र मोठ्या झुरळाच्याच फटीत राहतं आणि तेच खातं. त्यामुळे किचनमध्ये बारीक, तपकिरी, बिनपंखाचे किडे दिसले की ‘हे झुरळ नाही, वेगळंच काहीतरी आहे’ म्हणून वेगळी पावडर आणणारे चुकतात. मानेमागे दोन गडद पट्टे असतील तर ते जर्मन झुरळाचं पिल्लू, म्हणजे फ्रिजच्या मोटरमागे किंवा ट्रॉलीच्या बिजागरीत अख्खा संसार आहे. या जातीची मादी अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत पोटाला लावूनच फिरते आणि एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात, त्यामुळे बारकी पिल्लं दिसली तर मोठी जवळपास आहेतच असं धरून चाला. आणि ते पांढरं झुरळ! लोक फोटो काढून ‘दुर्मिळ’ म्हणून फॉरवर्ड करतात. ते नुकतीच कात टाकलेलं नेहमीचंच झुरळ असतं, काही तासांत रंग येतो.

इथे अजून एक चूक होते, झुरळांना खायला ठेवायचं विषारी जेल लावायचं आणि त्याच्यावर स्प्रेही मारायचा. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलपासून लांब पळतात, म्हणजे दोन्हीचे पैसे पाण्यात. अगदी बारकी पिल्लं फटीतून फार लांब जात नाहीत, पण ती मोठ्यांची विष्ठा खातात, म्हणून मोठ्यांनी खाल्लेलं जेल त्यांच्यापर्यंतही पोचतं. किळसवाणं आहे, पण कामाचं आहे. तेव्हा जेल लावलंत की स्प्रे कपाटात ठेवा आणि थोडी वाट बघा.

ढेकणांचं दुखणं वेगळं. ढेकणाचं पिल्लू पाच टप्प्यांतून जातं आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला रक्त प्यावंच लागतं. न प्यायलेलं छोटं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक, पांढऱ्या गादीच्या शिवणीत दिसतच नाही, त्यामुळे लोक फक्त लाल-तपकिरी मोठे ढेकूण शोधतात, ते मारतात आणि विषय संपला म्हणतात. संपत नाही. अंडी बऱ्याचदा औषधातून वाचतात आणि मुंबईच्या उबेत साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. एकाच फेरीत गॅरंटी देणाऱ्याला दुसरी फेरी कधी ते आधीच विचारा. गादी उन्हात टाकायचा सल्ला सगळे देतात, पण ढेकूण आणि अंडी मरायला साधारण ५० अंशांच्या वर उष्णता लागते आणि ती आतपर्यंत पोचावी लागते, चाळीच्या गॅलरीतल्या तासाभराच्या उन्हात ते होत नाही. चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुतलेले बरे.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण. त्याची पिल्लं सुरुवातीला मेण नसलेली आणि सरपटणारी असतात, साबणाचं पाणी किंवा नीम तेल तेव्हाच नीट लागू पडतं, म्हणून आठवड्याने पुन्हा मारायचं.

आता जे मारायचं नाही ते. पावसाळ्यानंतर मैदानावर ज्यांचे थवे दिसतात त्या चतुरांची पिल्लं पाण्यात वाढतात. कमळाच्या टबात मातकट, सहा पायांचं, मोठ्या डोळ्यांचं कोळ्यासारखं काहीतरी दिसलं की लोक घाबरून टब ओततात. ते चतुराचं निम्फ, खालचा ओठ फटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतं, आणि घाई झाली तर मागून पाणी सोडून रॉकेटसारखं पुढे सरकतं. काही जातींची पिल्लं दीड-दोन महिन्यांतच बाहेर येऊन उडतात. मात्र एक निम्फ आहे म्हणून पाणी साठवायचं लायसन्स मिळालं असं नाही हां, डासांची आख्खी पिढी साधारण आठवड्या-दहा दिवसांत तयार होते, महापालिकेची नोटीस त्याच्यावर येते.

गोचीड मध्येच आडवी येते. ती कीटकच नाही, कोळ्यांच्या गोतावळ्यातली, आणि तिला लार्वाही असतो, निम्फही. सहा पाय असलेला लार्वा, आठ पाय असलेलं बिनप्रौढ पिल्लू निम्फ. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला माकडताप होतो, गोचिडीच्या चाव्यातून येणारा, त्यात माणसाला चावणारी मुख्यतः ही निम्फच, तेव्हा गावी काजूच्या बागेत जाताना फुल पँट घाला.

पुराणकथांकडे वळलं की पहिली चूक म्हणजे निम्फला उर्वशी-मेनकेसारखी अप्सरा समजणं. अप्सरा इंद्राच्या दरबारातली, तिचा मुक्काम स्वर्गात. ग्रीक निम्फ ही निसर्गदेवता, ती जागेला बांधलेली असते, हा झरा, तो डोंगर, ते झाड. नायड म्हणजे गोड्या पाण्याच्या, ड्रायड झाडांच्या, ओरिअड डोंगरांच्या, नेरिइड समुद्राच्या, नेरिअस या समुद्रदेवाच्या पन्नास मुली. आपल्याकडे जवळचं काही शोधायचंच तर विहिरीकाठच्या साती आसरा बघा, पाण्याला बांधलेल्या आणि रागावल्या तर त्रास देणाऱ्या. नातं तिथे जास्त जुळतं.

दुसरी चूक, सगळ्या निम्फ अमर असतात असं लिहिणं. हॅमाड्रायड म्हणजे एकाच झाडाशी जोडलेली निम्फ, ती तिच्या झाडाबरोबर मरते. इको नावाची निम्फ झिजून नुसता आवाज उरते. आणि सगळ्या बिचाऱ्याही नसतात, कॅलिप्सो या निम्फने ओडिसिअस या ग्रीक वीराला तिच्या बेटावर सात वर्षं अडकवून ठेवलं होतं.

मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनवरची बाई निम्फ का, हाही प्रश्न येतो. १८६४ चं ते कारंजं, वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन फुलांची देवी. गंमत अशी की ओव्हिड या रोमन कवीच्या कथेत फ्लोरा स्वतःच सांगते, मी आधी क्लोरिस नावाची निम्फ होते. तर उत्तर देवी असंच लिहा, क्लोरिसचं एक वाक्य खाली जोडलंत तर चांगलंच.

दोन्ही जगं जिथे एकमेकांत घुसतात तिथे सगळ्यात जास्त पाय घसरतो. चतुराच्या पाण्यातल्या पिल्लांना काही कीटकशास्त्रज्ञ नायडच म्हणतात, तो मजकूर देवीचा समजू नका. जुन्या युरोपियन पुस्तकांत आणि आजच्या फ्रेंचमध्ये निम्फ म्हणजे चक्क कोषावस्था, त्यामुळे मधमाश्यांवरचा फ्रेंच लेख अॅपमधून वाचत असाल तर तिथे कोष धरा, मधमाशीला आपल्या अर्थाचं निम्फ नसतंच. आणि निम्फॅलिडी हे फुलपाखरांचं कुटुंब, नाव निम्फांवरून, पण त्यातल्या एकाही फुलपाखराला निम्फ अवस्था नाही. रिकाम्या प्लॉटवरच्या रुईच्या झाडावर याच कुटुंबातल्या प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली तर फोटोखाली अळी असंच लिहा.