फोन गाडीच्या स्क्रीनवर येत नाही? आधी दोष कुठे आहे ते शोधा

गाडीत स्क्रीन बसवणं आणि बसवलेल्या स्क्रीनच्या तक्रारी निस्तरणं हे माझं रोजचं काम. "फोन कनेक्टच होत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकते. लोक माझ्यापर्यंत येतात तेव्हा निम्मी सेटिंग्ज बदलून झालेली असतात. काहींनी तर फोन फॅक्टरी रीसेट करून फोटोही घालवलेले असतात. ते बघून फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा दोष केबलचा निघतो. म्हणून माझी एकच विनंती आहे: घोडं कुठे पेंड खातंय हे कळेपर्यंत सेटिंग्जना हात लावू नका. आणि बदल करायचाच झाला तर एका वेळी एकच करा. चार गोष्टी एकदम बदलून फोन जोडला गेला, तरी कशामुळे जोडला गेला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

स्क्रीनवर जे दिसतं ते खरं तर फोनमध्ये चालू असतं. नकाशा, गाणी, मेसेज हे सगळं फोन तयार करतो आणि त्याचं चित्र व्हिडिओसारखं गाडीकडे पाठवत राहतो. तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की तो स्पर्श उलट फोनकडे जातो. फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड फोनचं अँड्रॉइड ऑटो असो नाहीतर ॲपलच्या आयफोनचं कारप्ले, तत्त्व हेच. केबल लावली की आधी चार्जिंग सुरू होतं, मग गाडी आणि फोन एकमेकांची ओळख पटवतात, आणि ती पटली की चित्र येतं. यातल्या कोणत्या पायरीवर गाडं थांबतं ते नीट बघितलं की शोध निम्मा झाला.

ही सगळी तपासणी गाडी उभी करून करा. इंजिन सुरू ठेवणार असाल तर बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, धुराचा वायू जीव घेतो. इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू ठेवलं तरी बॅटरी उतरते, तेव्हा तासन्‌तास बसू नका.

चार्जिंग होतं, पण स्क्रीनवर काहीच नाही

हे लक्षण दिसलं की माझा पहिला संशय केबलवर. चार्जिंगच्या तारा वेगळ्या आणि माहिती वाहून नेणाऱ्या वेगळ्या. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये दुसऱ्या तारा नसतातच, किंवा प्लगपाशी दुमडून तुटलेल्या असतात. फोन आनंदाने चार्ज होत राहतो आणि गाडीला तो दिसतच नाही. म्हणून ती केबल काढून घरी संगणकाला लावा. फोनमधले फोटो संगणकावर दिसले तर केबल आणि फोनचं पोर्ट, दोन्ही निर्दोष. नाही दिसले तर दुसरी केबल लावून बघा. अँड्रॉइड फोन असेल तर त्याआधी फोनवर येणाऱ्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडलंय ना, तेही बघून घ्या. गाडीसाठी केबल आखूडच घ्यावी, मीटरभराच्या आतली. गूगलची शिफारसही तीच आहे.

आता गाडीच्या बाजूची परीक्षा. गाणी भरलेला पेनड्राइव्ह त्याच पोर्टला लावा. गाणी वाजली म्हणजे पोर्टपासून स्क्रीनपर्यंतची वायर ठीक आहे. नाही वाजली तर शेजारचं पोर्ट बघा. अनेक गाड्यांत दोन-तीन पोर्ट असतात आणि त्यातलं एकच स्क्रीनला जोडलेलं असतं. बाकीची, विशेषतः मागच्या सीटची, नुसती चार्जिंगची. ज्या पोर्टवर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असेल ते बहुतेक वेळा आपलं, नुसतं विजेचं चिन्ह असेल ते नव्हे. बाहेरून बसवलेल्या स्क्रीनमध्ये डॅशबोर्डच्या मागे एक जोडवायर असते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ती सैल होते. पेनड्राइव्हही वाचला जात नसेल तर फोनशी झटापट थांबवा, ते काम पॅनल उघडणाऱ्याचं आहे.

राहिलं फोनचं पोर्ट. खिशातल्या कापडाचे तंतू आणि धूळ आत दाबून दाबून घट्ट बसते आणि प्लग शेवटपर्यंत जात नाही. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात बघा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने कचरा बाहेर ओढा. सुई, टाचणी, सेफ्टीपिन नको. टाइप-सी पोर्टच्या मधली जीभ फार नाजूक असते, ती मोडली तर पोर्टच बदलावं लागतं. तोंडाने फुंकरही मारू नका, ओलावा आत जातो. जाड कव्हरमुळेही प्लग अर्धवट बसतो, म्हणून एकदा कव्हर काढून बघा.

टाइप-सीची एक खूण मी हमखास वापरते. प्लग काढून उलटा करून लावायचा. यूएसबी २.०च्या ज्या दोन तारांवरून फोन आणि गाडीची बोलणी होतात, त्यांचे संपर्क प्लगच्या एकाच बाजूला असतात. फोनच्या पोर्टमध्ये मात्र ते दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे प्लग उलटा लावला की पोर्टमधल्या दुसऱ्याच टोकांशी गाठ पडते. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर सेटिंग्जचा दोष नाही. पोर्ट मळलंय किंवा झिजलंय.

केबल ठीक आहे, तरी ओळख पटत नाही

पहिल्यांदा जोडताना फोनचं लॉक उघडलेलं हवं आणि फोन जी परवानगी मागेल ती द्यायला हवी. घाईत 'नाही' दाबलं गेलं की पुढे सगळं अर्धवट राहतं. अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, वेगळं चिन्ह दिसत नाही. त्यामुळे "माझ्या फोनमध्ये ॲपच नाही" असं वाटलं तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाका. फोनची तारीख आणि वेळ चुकलेली असेल तर ओळख पटवताना अडचण येऊ शकते, ती आपोआपवर ठेवा.

आयफोनमध्ये तीन जागा बघायच्या. सिरी (आयफोनमधलं आवाजावर चालणारं मदतनीस) चालू हवं, ते बंद असेल तर कारप्ले चालत नाही. स्क्रीन टाइममधल्या निर्बंधांत कारप्ले बंद केलेलं नसावं. मुलांसाठी निर्बंध लावताना ते सहज बंद होतं आणि मग कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसरी जागा पासकोडच्या पानावरची: लॉक असताना यूएसबी उपकरणांना परवानगी. २०१८ मधल्या आयओएस ११.४.१ पासून, फोन तासाभराहून जास्त लॉक राहिला की तो केबलवरून बोलणं थांबवू शकतो. अशा वेळी लॉक उघडून केबल पुन्हा लावा.

एवढं करून जमलं नाही तर जुनी जोडणी विसरायला लावा, आणि ती दोन्हीकडून. लोक फोनमधून गाडी काढतात, पण गाडीच्या यादीत फोन तसाच राहतो आणि जुन्या नोंदीवरून पुन्हा गोंधळ होतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले, आपली गाडी आणि 'फरगेट'. अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ऑटोच्या पानावर आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथून गाडी काढा आणि ब्लूटूथच्या यादीतूनही काढा. मग गाडीच्या स्क्रीनवरून फोन काढा. फोनच्या अपडेटनंतर अचानक बंद पडलेली जोडणी मी आधी अशीच करून बघते.

त्यानंतर दोन्ही बंद करून सुरू करा. पण गाडी बंद केली म्हणजे स्क्रीन बंद झाली असं नाही. कित्येक गाड्यांत ती नुसती झोपते आणि आधीचा बिघाड डोक्यात ठेवूनच उठते. इग्निशन बंद करा, उतरा, दार लावून गाडी लॉक करा आणि थोडा वेळ थांबा. बऱ्याच स्क्रीन पॉवरचं बटण दाबून धरलं की नव्याने सुरू होतात. कोणतं बटण आणि किती वेळ, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

वायरलेस असेल तर

इथे दोन वाटा आहेत. ब्लूटूथ फक्त पहिली ओळख करून देतं, चित्र मात्र वाय-फायवरून जातं. म्हणून "ब्लूटूथ तर जोडलेलं दिसतंय" याचा अर्थ अर्धंच काम झालं. फोनचं वाय-फाय चालू आहे का बघा. फोनचा हॉटस्पॉट आणि व्हीपीएन बंद करून बघा. घराच्या वाय-फायच्या टप्प्यात गाडी उभी असेल तर थोडी पुढे नेऊन पुन्हा करा. आयफोनच्या वाय-फाय यादीत गाडीच्या नेटवर्कपुढे 'ऑटो-जॉइन' चालू हवं. अँड्रॉइडमध्ये वायरलेससाठी साधारण अँड्रॉइड ११ किंवा पुढचं हवं, आणि ५ गिगाहर्ट्झचं वाय-फायही. गाडीत आधी जोडलेले दोन फोन असले तर गाडी भलत्याच फोनला पकडते. दुसऱ्याचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद ठेवा. आणि केबलने अँड्रॉइड ऑटो लावलं तरी कॉलचा आवाज ब्लूटूथवरूनच जातो. नकाशा छान चालतोय पण कॉल फोनवरच ऐकू येतो, तर केबल बदलू नका, ब्लूटूथची जोडणी तपासा.

मध्येच तुटतं

खड्ड्यात तुटत असेल तर संपर्क सैल आहे. सुरू करताना तुटत असेल तर स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब घसरतो, म्हणून इंजिन सुरू झाल्यावर फोन लावा. पाच-दहा मिनिटांनी तुटत असेल तर फोनचा बॅटरी सेव्हर बंद करा आणि अँड्रॉइड ऑटोला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळा. भर दुपारी तुटत असेल तर उष्णता. ॲपल आयफोनसाठी ३५ अंश सेल्सियसपर्यंतचं हवामान योग्य मानते, आणि उन्हातल्या डॅशबोर्डवर तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. फोन सावलीत, एसीच्या झोताजवळ ठेवा. वायरलेस चार्जिंगच्या पाटावर तो आणखी तापतो.

नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणं हा माझ्या यादीतला शेवटचा उपाय, कारण त्यात सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथ जोडण्या जातात. फॅक्टरी रीसेट मी कुणाला सुचवत नाही. त्याऐवजी स्क्रीनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट गाडीच्या किंवा स्क्रीनच्या कंपनीच्या अधिकृत जागेवर आहे का बघा. ते चालू असताना गाडी बंद करू नका, अर्धवट राहिलेलं अपडेट स्क्रीन कायमची निकामी करू शकतं.

आणि दुरुस्तीला न्यायचीच वेळ आली तर जाण्याआधी तीन चाचण्या करून घ्या: तुमचा फोन त्याच केबलने संगणकाला दिसतो का, पेनड्राइव्ह गाडीत वाजतो का, आणि दुसऱ्या कुणाचा फोन तुमच्या गाडीत चालतो का. ही तीन उत्तरं दारातच मिळाली तर डॅशबोर्ड उघडायचा की नाही हे मी तिथेच सांगू शकते.