बाथरूममधली बुरशी पुन्हा पुन्हा येते? या चुका टाळा

नाशिकच्या घरांत बाथरूमची बुरशी वर्षातून दोनदा जोर धरते. एकदा श्रावण-भाद्रपदात आणि एकदा ऐन थंडीत. पावसाळ्यातली कोणालाही समजते. थंडीतली मात्र कोड्यात टाकते, कारण बाहेरची हवा तर चांगली कोरडी असते. मग छताच्या कोपऱ्यातले काळे ठिपके आणि शॉवरखालच्या टाइल्सच्या सांध्यांतल्या काळपट रेघा येतात कुठून? गारठ्यामुळे खिडकी बंद असते, घरातली चार माणसं एकामागून एक कढत पाण्यानं अंघोळ करतात, ती सगळी वाफ गार भिंतीवर बसून तिचं पाणी होतं आणि दुपारपर्यंत तिथंच राहतं.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते कुठल्याही क्लीनरनं संपत नाहीत. साबणाचा थर, अंगाचं तेल आणि मळ हे तिचं खाद्य, तेही रोज थोडं तरी साचणारच. आपल्या हातात खऱ्या अर्थानं एकच गोष्ट राहते, ती म्हणजे ओल. एखादी जागा सलग 24 ते 48 तास ओली राहिली की बुरशीला रुजायला तेवढं पुरतं. म्हणून रविवारी तासभर घासण्यापेक्षा रोज अंघोळीनंतरची पाच मिनिटं जास्त कामाची आहेत, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक चुका या पाच मिनिटांतच होतात.

खिडकी चुकीच्या ऋतूत बंद करणं

बहुतेक घरांत पावसाळ्यात बाथरूमची खिडकी उघडी असते आणि हिवाळ्यात काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक लावलेलं असतं. खरं तर डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा बाथरूम सगळ्यात लवकर सुकवते. शेवटची अंघोळ झाली की पंधरा-वीस मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, एवढ्यानं फरक दिसतो. उलट ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते, नुसत्या उघड्या खिडकीनं भिंत सुकत नाही. त्या दिवसांत पाणी हातानं निपटावं लागतं आणि वर एक्झॉस्ट फॅन किंवा दाराशी ठेवलेला टेबल फॅन लागतो. फ्लॅटच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर तिथं वारा नसतोच, तेव्हा बाराही महिने फॅनवर भिस्त ठेवावी.

खिडकीवरून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर खिडकी झाकणं जिवावर बेतू शकतं. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अनेकदा माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. गॅस गिझरची जागा बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेतच. आत बसवलेला असेल तर थंडी पडायच्या आत तो हलवून घ्या.

फॅन आहे, पण हवा हलत नाही

एक्झॉस्ट फॅन नुसता आवाज करतोय की हवा ओढतोय, हे बघायला वर्तमानपत्राचा लहान तुकडा पुरतो. फॅन चालू करून तो जाळीजवळ धरा. कागद चिकटून राहिला तर फॅन ठीक. खाली पडला तर पात्यांवर धूळ आणि चिकट थर बसलाय, किंवा बाहेरची झडप अडकली आहे. मेन स्विच बंद करून ती साफ करा. दुसरी चूक दाराची. दार खालपर्यंत घट्ट बसत असेल तर आत हवा येणार कुठून? बाहेरची हवा आत आल्याशिवाय आतली वाफ बाहेर जात नाही. दाराखाली बोटभर फट असावी, नाहीतर दार किंचित किलकिलं ठेवावं. आणि अंघोळ संपताच फॅन बंद करू नका, अजून वीस मिनिटं तरी चालू द्या.

वायपर फक्त फरशीला

फरशीचं पाणी आपण सवयीनं ओढतो आणि भिंत तशीच सोडून देतो. काच पुसायचा छोटा वायपर शॉवरच्या नळाला अडकवून ठेवा. शेवटी अंघोळ करणाऱ्यानं वरून खाली चार-पाच पट्टे ओढले की टाइल्सवरचं बहुतेक पाणी जातं. मग राहतात त्या लपलेल्या जागा: नळामागची टाइल, साबणदाणीचा तळ, बादलीखालचं वर्तुळ, प्लॅस्टिकच्या स्टुलाची खालची बाजू, पायपुसण्याची पाठ. बादली पालथी घालून ठेवा आणि स्टूल भिंतीला टेकवून उभं करा. ओला टॉवेल आत वाळत घालू नका. शॉवरचा पडदा गोळा करून सरकवला तर त्याच्या घड्या दिवसभर ओल्या राहतात, म्हणून तो पसरून ठेवा आणि अधूनमधून मशीनमध्ये धुवा.

सगळ्यात महागडी चूक: अ‍ॅसिड

"ताई, अ‍ॅसिडची बाटली आणून ठेवा, एका दिवसात पांढरं करून देते," असं कामाला येणाऱ्या मावशी मनापासून सांगतात. आणि पहिल्या दिवशी टाइल्स खरोखर चकाकतात. होतं असं की टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटचा ग्राउट असतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मळासोबत तो सिमेंटही खातं. पांढरा दिसतो तो सांध्याचा सोललेला, खडबडीत थर. बोट फिरवून बघा, टाइलच्या कडेला नख अडकेल इतकी खाच लागेल. त्या खाचेत पाणी आणि साबण जास्त साचतो, म्हणून पुढची बुरशी आधीपेक्षा लवकर आणि खोलवर येते. मग पुन्हा अ‍ॅसिड. काही वर्षांत सांधे रिकामे होतात आणि पाणी टाइल्सच्या मागे झिरपायला लागतं.

फरशी शहाबादी, कोटा किंवा कडप्पा असेल तर प्रश्न आणखी मोठा. हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच नात्यातला. अ‍ॅसिडच काय, व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा त्यांची झिलई घालवतं. जुन्या वाड्यांत, रो-हाऊसमध्ये अशी फरशी अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तिथं साधा डिटर्जंट आणि नायलॉनचा ब्रशच बरा. तारेची घासणी तर कुठल्याच टाइलवर नको.

मावशींचाही विचार करा. बंद बाथरूममध्ये अ‍ॅसिडच्या वाफा त्यांच्याच छातीत जातात, हात त्यांचेच पोळतात. बाटली घरात आणलीच नाही तर हा विषयच राहत नाही.

मग काळ्या रेघांचं काय? आधी डिटर्जंटनं साबणाचा थर काढा, कारण थराखालच्या बुरशीपर्यंत औषध पोचत नाही. पाण्यानं धुऊन घ्या. मग 1 लिटर पाण्यात साधारण 60 मिलीलिटर घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मिसळा. उभ्या भिंतीवर ते ओघळून जातं, म्हणून कापसाची लांब वात करून त्यात भिजवा आणि काळ्या सांध्यावर दाबून बसवा. पंधरा-वीस मिनिटांनी काढा, मऊ ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, फॅन चालू ठेवा. घरात दम्याचा त्रास असणारी व्यक्ती असेल तर तिला हे काम देऊ नका. मिश्रण लागेल तेवढंच करा, पाण्यात मिसळलेल्या ब्लीचचा जोर दुसऱ्या दिवशी राहत नाही.

दोन बाटल्या एकत्र ओतणं

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा अ‍ॅसिड असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं काच-क्लीनर ब्लीचसोबत वापरलं तरी विषारी वाफा होतात. कमोड आणि शॉवर एकाच खोलीत असल्यानं आपल्याकडे हा धोका रोजचा आहे: कमोडमध्ये क्लीनर ओतून ठेवायचं आणि तेवढ्या वेळात शेजारची भिंत ब्लीचनं घासायची. ही दोन कामं वेगवेगळ्या दिवशी करा. चुकून मिसळलंच आणि डोळे-घसा झोंबायला लागले तर पाणी ओतत आत थांबू नका. लगेच बाहेर या, घराची दारं-खिडक्या उघडा, खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्यात धोका नाही, पण उपयोगही नाही. फेस येतो म्हणून बरं वाटतं, प्रत्यक्षात दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. घासायला सोडा वापरा, क्षार काढायला व्हिनेगर, पण वेगवेगळं.

प्रत्येक डाग बुरशीचा नसतो

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांमध्ये हा घोळ जास्त होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट, राखाडी थर करतं. तो बुरशी नाही, पण तिचं खाद्य आहे. वडीच्या साबणाऐवजी बॉडी वॉश वापरला तर हा थर बराच कमी बसतो. नळावरचे पांढरे खवले क्षाराचे असतात. शॉवरची छिद्रं त्यानंच बुजतात. शॉवरचं डोकं काढून अर्धा-पाऊण तास व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा, रात्रभर नको, क्रोमचा मुलामा जातो.

तपकिरी-पिवळा डाग बहुधा लोहाचा. त्यावर ब्लीच टाकलं तर तो आणखी पक्का होतो. तिथं लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं (दगडी फरशीवर मात्र नाही), आणि ब्लीचनंतर लगेच नाही. साबणदाणीतला गुलाबी बुळबुळीत थर हा बॅक्टेरियांचा असतो, तो घासून, धुऊन, कोरडं ठेवलं की आटोक्यात राहतो.

काचेच्या किंवा बेसिनच्या कडेचा सिलिकॉन काळा पडला असेल आणि ब्लीचच्या वातीनंही फरक पडत नसेल तर बुरशी आतपर्यंत गेली आहे. तो पट्टा ब्लेडनं कापून काढा, जागा पूर्ण सुकू द्या, मग बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. ओल्या जागेवर भरलेला सिलिकॉन धरत नाही.

बाथरूमवरचा माळा आपल्याकडे हमखास खोक्यांनी भरलेला असतो. ओलसर पुठ्ठा बुरशीला फार मानवतो. खोकी उतरवा, ठेवायचं ते झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा.

छतावर रंग मारून ठिपके झाकणं

बुरशी मारल्याशिवाय आणि प्लास्टर सुकल्याशिवाय मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. त्याआधी ओल कुठली ते ओळखा. विखुरलेले काळे ठिपके, तेही कोपऱ्यात आणि शॉवरच्या वर, हे वाफेचं लक्षण. पिवळट कडेचा गोल डाग, फुगलेला रंग, पांढरे क्षार, किंवा बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे, हे गळतीचं. गळतीवर वर सांगितलेलं काहीच चालत नाही.

फरशी फोडायच्या आधी एक तपासणी करून घ्या. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं ते जाळीचं तोंड, ओल्या कापडानं आणि प्लॅस्टिकनं घट्ट बंद करून फरशीवर दीड-दोन इंच पाणी साठवा, पातळीवर खूण करा आणि 24 तास थांबा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, छताकडे लक्ष त्यांनाच ठेवावं लागेल. खाली ओल वाढली तर फरशी, सांधे किंवा ट्रॅपच्या कडा गळतायत. खाली काहीच फरक नसेल तर भिंतीतली पाइपलाइन प्लंबरकडून प्रेशर लावून तपासा. दुरुस्तीनंतरही फरशीखालच्या कोब्यात मुरलेलं पाणी काही आठवडे पाझरत राहतं, तेव्हा खालच्या छताला रंग लावायची घाई करू नका.